पान सत्तेचाळीसवरचा कडू कंद

पुस्तकात माझं वय सत्तर छापलं आहे. तेव्हा मी बावन्नची होते. त्या पानावरच्या बाकीच्या चुका माझ्या आहेत. ही एक निर्मला मॅडमची, आणि ती मी अजून सोडलेली नाही.

आमचा पाडा उधव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून. तालुका तलासरी. मी दुसरी शिकले. तिसरीच्या वर्षी बापानं चार शेळ्या घेतल्या आणि माझी शाळा त्यांच्यामागे डोंगरात गेली. तरी मला वाचता येतं. एकेक अक्षर धरून वाचते, म्हणून कुणी मला घाईघाईत फसवू शकत नाही.

मी औषध देते. एकच देते, मूळव्याधीचं. ताप, खोकला, नजर, भूत, असलं काही घेऊन माझ्या दारात यायचं नाही. पण या एका दुखण्याला माझ्यासारखा हात डहाणूपासून उंबरगावपर्यंत नाही. हे मी म्हणत नाही, येणारे म्हणतात. येतात ते मात्र लपत येतात. मास्तर येतात, तलाठी येतात, हायवेवरचा गुजराती हॉटेलवाला येतो. तो तर दारातूनच सांगतो, "माजी, भावासाठी पाहिजे," आणि ओट्यावर बस म्हटलं तर उभाच राहतो. तालुक्यातली कुठली खुर्ची कुणाला टोचते ते मला माहीत आहे. आजपर्यंत एकाचं नाव माझ्या तोंडून गेलेलं नाही. माझ्या तोंडून बाकी पुष्कळ काही जातं, पण ते नाही.

औषध कडू कंदाचं. कोनफळ, चाई, कडू कंद, या वेली सगळ्या एका भावकीतल्या. एक गोड, एक खाजरी, एक विषारी. कुठल्या घरात असं नसतं? कोनफळ उकडून पोरांना द्यायचं. चाईच्या मोहराची भाजी करायची. कडू कंदाला मात्र सोपस्कार लागतात. पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, टोपलीत भरून वाहत्या ओहोळात एक रात्र, एक दिवस ठेवायच्या, मग परत उकळायच्या. त्यानंतर तो पोटाला चालतो. त्याचं औषध कसं होतं, राख कुठल्या लाकडाची, पुढं काय मिसळायचं, किती आणि कशाबरोबर द्यायचं, ते मी इथं लिहिणार नाही.

हे सगळं माझ्या सासूचं. धोंडी तिचं नाव. धोंडी शनिवारी वेलीच्या मुळाशी तांदळाचे चार दाणे ठेवायची. रविवारी उजाडताच, कुणाशी एक शब्द न बोलता, पहार घेऊन निघायची. मी मागे टोपली घेऊन. सात वर्षं मी तिच्या मागे चालले. तिनं मला काहीही शिकवलं नाही. तिचं तोंड कायम तमाखूनं भरलेलं, गाल असा फुगलेला. विचारलं तर हातानं खूण करायची: बघ. मला वाटायचं, तमाखू थुंकायचा कंटाळा. मरायच्या आधी तिनं एकदाच तोंड रिकामं केलं आणि म्हणाली, "बुधी, हे तोंडातून निघालं की गुण गेला. कुणाला सांगायचं नाही."

मी म्हटलं, "नाही सांगत."

आणि नाही सांगितलं. सहा पोरं झाली, त्यांना नाही. नवरा काकड्या, त्याला तर पेजेत मीठ किती तेही मी कधी सांगितलं नाही.

बारा वर्षांपूर्वी निर्मला मॅडम आल्या. मुंबईच्या कॉलेजातल्या. खांद्याला पिशवी, हातात वही, पायात चिखल. बाई वाईट नव्हती. चहा गुळाचा दिला तर गुळाचा प्यायली, तोंड वाकडं केलं नाही. पण विचारायची फार.

"आजी, हा कंद कडू असतो ना? मग खाता कसा?"

"तोंडानं."

"म्हणजे आधी काय करता?"

"धुतो."

ती हसली आणि तेही लिहिलं. मग मला सांगायला लागली, की याच भावकीतल्या एका परदेशी कंदापासून पाळणा लांबवायच्या गोळ्या पहिल्यांदा निघाल्या.

"सहा झाल्यावर सांगतेस?" मी म्हटलं.

तीन दिवस ती रोज आली. तिसऱ्या दिवशी मला तिची दया आली, आणि कंटाळाही. खरं सांगितलं तर धोंडीचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर ही चौथ्या दिवशी येणार. राखेची गोष्ट कळली की अर्धं औषध कळलं. म्हणून मी सांगितलं, "चिरायचा, एक उकळी द्यायची, मीठ टाकायचं, खायचा. मूळव्याधीला तसाच द्यायचा, पण अमावास्येला, उलटं चालत जाऊन आणलेला." उलटं चालायचं मी तिथल्या तिथं रचलं. मॅडमनं विचारलं, "किती पावलं?" मी म्हटलं, "एकवीस." तिनं एकवीस लिहिलं.

मला वाटलं, वही आहे, भरेल आणि माळ्यावर जाईल.

दोन वर्षांनी पोस्टानं पुस्तक आलं. पान सत्तेचाळीस. वर वेलीचं चित्र, खाली माझा फोटो, डोळे मिटलेला. आणि अक्षरं: माहिती देणाऱ्या, श्रीमती बुधीबाई काकड्या वरठा, वय अंदाजे सत्तर.

आता इथं माझी चूक झाली ती मी लपवत नाही. मी ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाशेजारी ठेवलं. पाड्यात कुणी माझ्याशी वाद घातला की म्हणायचे, "तुझं नाव कुठं छापलंय? माझं छापलंय." दहा वर्षं मी त्या पुस्तकावर पाड्यात राज्य केलं. पानात काय लिहिलं आहे ते खोटं, हे मला एकटीला ठाऊक. घाबरायचं कारण नव्हतं, कारण रेशनचा तांदूळ आल्यापासून कडू कंद खातो कोण? राखेची गोष्ट माहीत असलेली हिरू डोकरी होती, ती मेली. माझी सून सुनिता नरपडची, चिकूच्या वाडीतली. तिला कंद म्हणजे बटाटा.

मग आली योगिता. माझी नात, माझ्या पोराची, उमेशची मोठी. डहाणूच्या कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकते. या मार्गशीर्षात एक दिवस घरी आली आणि पहिलं पुस्तक देवाजवळून काढलं.

"आजी, तलासरीला बचत गटांचा कंदमेळावा आहे. आपल्या गटाचा स्टॉल मी घेतलाय. आपण कडू कंद ठेवणार. तिथंच शिजवून लोकांना चव द्यायची. पन्नास प्लेटी."

मी म्हटलं, "कोनफळ ने."

"कोनफळ सगळेच आणणार. कडू कंद फक्त आपला. पान सत्तेचाळीस."

"त्या वेलीखाली साप राहतो."

"मग सर्पमित्राला फोन करते."

पोरगी माझ्यावर गेली आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा आवडलं नाही.

मी पहार लपवली. तिनं शेजारच्या हाल्याची आणली. मी म्हटलं, हा कंद घशाला खाजतो. ती म्हणाली, "तू सांगितलेली उकळी देणार ना." तिला माझ्यापेक्षा माझ्या छापलेल्या शब्दावर विश्वास. वर मला शिकवायला लागली, "आजी, ही वेल कुठल्या बाजूनं चढते बघ. कोनफळाच्या उलट्या वेढ्यानं. यावरून जात ओळखतात."

"ते म्हशीलाही कळतं," मी म्हटलं. "म्हैस हिला तोंड लावत नाही, बघितलंस कधी?"

"म्हशीला उकळी देता येत नाही."

सुनिता चुलीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "सासूबाई, बाराही महिने पुस्तक दाखवता, आणि आता नातीनं उघडलं तर नको?"

मी दोन वेळा तोंड उघडलं. खोटं सांगितलं होतं, एवढेच तीन शब्द. दोन्ही वेळा आलं नाही बाहेर. ज्या तोंडानं दहा वर्षं पाडा गप्प केला, त्याच तोंडानं सुनेसमोर हे बोलायचं? मी ठरवलं, मेळाव्यात जाऊ आणि तिथं काहीतरी करू. पातेलं सांडू. म्हातारीचा धक्का लागला तर कोण काय म्हणणार.

बुधवारी टेम्पोनं गेलो. मंडप मोठा होता. खुर्च्या होत्या, माईक होता. आमचा स्टॉल मधोमध. योगितानं पान सत्तेचाळीस मोठं करून कापडावर छापून आणलं होतं. माझा मिटल्या डोळ्यांचा फोटो सुपाएवढा. येणारा जाणारा फोटो बघायचा, मग मला, मग परत फोटोला.

पातेलं सांडायला गेले तर गटातल्या चंद्रिकानं मला खुर्चीवर बसवलं. "आजी, तुम्ही आज पाहुण्या. हात लावायचा नाही." उठले तर परत बसवलं. तिसऱ्यांदा उठले तर हातात नारळाचं पाणी दिलं.

पातेल्यात एक उकळी आली. मीठ पडलं. योगितानं प्लेटी मांडल्या, प्रत्येकीत चार चकत्या, वर कोथिंबीर. विषावर कोथिंबीर मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

तेवढ्यात शेतीखात्याचे साहेब आले. बरोबर दोन-चार माणसं, आणि मागे निर्मला मॅडम. केस पांढरे झालेले, पण पायात चिखल तसाच. पाहुण्या म्हणून बोलावलेल्या. मला बघून वाकल्या, पायाला हात लावला.

साहेबांनी प्लेट उचलली. हे साहेब मला ठाऊक होते. गेल्या दिवाळीपासून तीन वेळा येऊन गेलेले, गाडी लांब उभी करून. मी त्यांचं नाव घेत नाही. तेही मला ओळखत नसल्यासारखे म्हणाले, "वा, बुधीआजी म्हणजे तुम्हीच का?"

"मीच. ती प्लेट खाली ठेवा."

"का बरं?"

"हा असा खायचा नसतो. घसा सुजेल, ओकाल, चक्कर येईल."

साहेब कापडाकडे बघून मोठ्यानं वाचायला लागले. "चिरून एक उकळी द्यावी, मीठ घालावे... आजी, हे तुम्हीच सांगितलंय की."

"पुस्तक चुकलंय."

सगळ्यांनी निर्मला मॅडमकडे बघितलं. बाईचा चेहरा उतरला. वाट मोकळी होती. मी एवढंच म्हणायचं, मॅडमनं चुकीचं लिहिलं, की सुटले. माझं नावही राहिलं, पुस्तकही राहिलं.

मॅडम म्हणाल्या, "माझ्या लिहिण्यात गफलत झाली असेल. मी परत येऊन तपासायला हवं होतं. चूक माझीच."

हे मात्र मला सोसलं नाही. बारा वर्षं जपलेलं खोटं, आणि ही बाई येऊन ते स्वतःच्या नावावर करणार? "तुझी कशी?" मी म्हटलं. "तू बरोबर लिहिलंस. मी सांगितलंच खोटं. ती एक उकळी खोटी, अमावास्या खोटी, एकवीस पावलं खोटी. सगळं माझं."

मग साहेब हसले. त्यांच्यामागची माणसं हसली. "आजी फार विनोदी आहेत," साहेब म्हणाले. मग माईकवर कुणी म्हणालं, "आजींची परंपरागत मस्करी!" आणि टाळ्या झाल्या. मी जन्मात एकदा चारचौघांत खरं बोलले, त्याला टाळ्या.

योगिता माझ्या कानाशी आली. डोळ्यांत पाणी. "आजी, का असं करतेस? मॅडमसमोर?"

साहेबांनी चकती उचलली होती. मला एक शब्द बोलता आला असता. साहेब, गेल्या वेळची पुडी संपली का, एवढाच. प्लेट त्यांच्या हातून आपोआप पडली असती. पण रोग्याचं नाव सांगायचं नाही, तर रोगही चारचौघांत सांगायचा नाही.

म्हणून मी त्यांच्या हातातून प्लेट आणि ती चकती ओढली, आणि चारही चकत्या तोंडात घातल्या. चावल्या. नीट चावल्या, सगळ्यांना दिसेल अशा. गिळल्या.

चव पहिल्यांदा बरी लागली. योगिता मीठ चांगलं घालते. मग जिभेवर मुंग्या आल्या, मग मुंगळे. ओठ सुजले. घशात कुणी खाजकुइलीचा हात फिरवल्यासारखं. मी सांगायला गेले, "बघितलंत?" पण तोंडातून आवाज निघाला तो रेडकाचा. मग मी साहेबांच्या बुटांवर ओकले.

आता कुणी हसलं नाही. योगितानं आधी पातेलं ओतलं, मग मला धरलं. हे मी बघितलं. अशा वेळी आधी कशाला हात घालायचा ते पोरीला कळलं, मला बरं वाटलं.

दवाखान्यात सुई टोचली, बाटली लावली. डॉक्टरीण म्हणाली, चारच चकत्या होत्या म्हणून निभावलं. आणि म्हणाली, "तीन दिवस बोलायचं नाही."

सुनितानं विचारलं, "नक्की तीनच?"

साहेब संध्याकाळी आले. बूट धुतलेले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मला बोलता येत नव्हतं. स्टुलाच्या कडेवर जरासे टेकले, लगेच उठले. मी बोटानं खूण केली: दोन रविवार. त्यांनी मान हलवली आणि गेले.

मॅडम रात्रभर थांबणार होत्या, मी हातानं हाकललं. जाताना त्या योगिताला म्हणाल्या, "पान परत लिहू. खरं काय ते आजींना विचार."

योगिता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात दोघी गप्प. सुनिता म्हणाली, इतकं निवांत तिला माहेरीही वाटलं नव्हतं. शुक्रवारी पोरगी माझ्यासमोर बसली. "बारा वर्षं खोटं? आणि मी ते वर्गात वाचून दाखवलं. मुलं माझ्या आजीच्या नावाला टाळ्या वाजवत होती. आता खरं तरी सांगशील?"

मी सुजलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"बरी झाल्यावर?"

मी मान हलवली: नाही. ती उठून गेली. गेली ती ओहोळाकडे, पुस्तक घेऊन. फेकायला गेली असं मला वाटलं. फेकलं नव्हतं, परत घेऊन आली, पण देवाजवळ ठेवलं नाही.

त्या रात्री मला धोंडी आठवली. तिचा फुगलेला गाल. सात वर्षं मागे मागे चालले, तेव्हा डोकरी एक अक्षर बोलली नाही. तरी मला सगळं येतं. राख येते, लाकूड येतं, माप येतं. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. मग आलं कुठून?

पन्नास वर्षं मी समजत होते, ती तमाखू खाण्यासाठी तोंडात ठेवते.

शनिवारी मी वेलीच्या मुळाशी तांदळाचे चार दाणे ठेवले. रविवारी उठले तेव्हा सूज उतरली होती, आवाज आला होता. गोठ्यात जाऊन बघितलं, म्हशीला दोन शिव्या दिल्या, स्वच्छ आल्या. मग घरात येऊन उमेशच्या खिशातली तमाखूची पुडी काढली. मला तमाखूचा वास सोसत नाही. पहिल्या गुळीलाच डोळ्यांतून पाणी आलं. गाल भरला, पहार घेतली, आणि योगिताच्या अंथरुणाला पायानं ढोसलं.

ती उठली. "अजून बरं नाही का गं तोंड?"

मी रिकामी टोपली तिच्या हातात दिली आणि चालायला लागले.

ती वही घेऊन आली होती. पहिल्याच वळणावर मी ती काढून घेतली आणि माझ्या कमरेला खोचली. मग तिनं विचारणं सोडलं. सावली मुळावर पडू नये म्हणून मी कुठं उभी राहिले ते तिनं बघितलं, आणि स्वतः सरकली. राखेला लाकूड तोडलं तेव्हा ते झाड तिनं हातानं चाचपलं. चकत्या तिनं केल्या, जाड झाल्या, मी तिच्या पाठीत एक ठेवून दिली, मग पातळ केल्या. ओहोळात टोपली कुठल्या दगडाला अडकवायची ते मला दाखवावं लागलं नाही.

आठवड्यानं मॅडमचा फोन आला. योगितानंच सांगितलं. राख, वाहतं पाणी, दोन उकळ्या, हे छापा, न छापलं तर कुणी मरेल. औषधाच्या जागी लिहा: माहिती देणारीनं सांगितलं नाही. मी मागून ओरडले, "आणि वय! चौसष्ट लिहायला सांग!"

दुसऱ्या रविवारी साहेबांची गाडी पाड्याच्या टोकाशी थांबली. मी ओट्यावर तमाखू धरून बसले होते. आता सवय होत चालली आहे. योगितानं पुडी दिली. कसं घ्यायचं ते बोटांनी दाखवलं. नाव विचारलं नाही, दुखणं विचारलं नाही.

साहेब म्हणाले, "आजीनं तुला सगळं सांगितलं वाटतं?"

"नाही," योगिता म्हणाली. "आजीनं काहीच सांगितलं नाही."

खरं तेच बोलली. साहेब जपून गाडीत बसले.